साधी की फेसाची

धाकटीच्या लग्नाचं घोडं शेवटी अडलं ते वाइनवर. मुलगा पसंत होता, तारीख ठरली होती, हॉल तर आमच्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलाच होता. कपड्यांवरून रडारड झाली होती, फोटोवाल्यावरून रुसवेफुगवे झाले होते, सगळं रीतसर पार पडलं होतं. मग एका सुट्टीच्या सकाळी तिने फोनवर सहज विचारलं, "ताई, टोस्टला स्पार्कलिंगच सांगितली आहेस ना?"

"साधी सांगतेय," मी म्हटलं.

"साधी म्हणजे?"

"साधी म्हणजे बिनबुडबुड्यांची. पांढरी. चांगली असते."

"अगं, लग्नात साधी वाइन घेऊन कोण टोस्ट करतं? शोकसभा आहे का?"

मी माझी कारणं सांगितली. आपल्याकडची माणसं बोलायला उभी राहिली की बसत नाहीत, तोवर फेस बसून जातो. बाटली उघडताना कुणाच्या तरी कपड्यांवर उडते. म्हाताऱ्यांना गॅस होतो. एकेक कारण ऐकून माझं मलाच हसू येत होतं. खरं कारण एकच होतं आणि ते शेजारच्या खोलीत खिडकीशी बसून पेपर वाचत होतं, म्हणजे वाचल्याचं नाटक करत होतं. बाबांचे कान मात्र अगदी शाबूत होते.

आदल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. हात परत आला, पाय बऱ्यापैकी आला, बोलणंही आलं. गिळणं तेवढं आलं नाही. पातळ काहीही प्यायलं की ते अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरायचं. दवाखान्यातून एक बाई शिकवायला यायच्या. हनुवटी छातीला लावून गिळा, एकेक घोट घ्या, मध्ये बोलू नका, असलं सगळं. त्यांचं नाव लांबलचक होतं म्हणून आम्ही त्यांना गिळणाऱ्या बाई म्हणायचो. त्यांनी एका पावडरीचा डबा दिला. पाणी असो, चहा असो, सूप असो, त्यात पावडर घालून मधासारखं घट्ट करायचं आणि मगच बाबांना द्यायचं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते, त्यामुळे मापाला मी पक्की आहे. बाबा म्हणायचे, तुझ्या हातचं पाणी चमच्याने कापता येतं.

धाकटी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिला आम्ही सांगितलं होतं, सौम्य झटका होता, आता ठणठणीत आहेत. हा बाबांचा हुकूम. "ती लग्न पुढे ढकलेल," ते म्हणाले, "आणि मग ढकलतच राहील." ती दोन दिवसांसाठी यायची तेव्हा बाबा तिच्यासमोर थेंबभर काही प्यायचे नाहीत. चहा पुढ्यात घेऊन बसायचे, बोलत राहायचे, आणि तिची पाठ वळली की मी तो गार चहा पिऊन टाकायचे. रात्री तिला झोप लागली की त्यांच्या खोलीत जाऊन मी त्यांना घट्ट पाणी पाजायचे. आमच्या घरात चोरून दारू पिणारं कुणी निघालं नाही, पण चोरून पाणी पिणारं निघालं.

आता वाइनचं. साध्या वाइनमध्ये ती पावडर नीट मिसळते. फेसाच्या वाइनमध्ये मिसळत नाही. एवढाच काय तो प्रश्न होता. बाबांना लेकीच्या लग्नात सगळ्यांसारखा ग्लास उचलायचा होता, सगळ्यांच्या ग्लासात असेल तेच प्यायचं होतं, आणि धाकटीला कशाचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. मला त्यांना धडधाकट घरी आणायचं होतं. साधी वाइन ठेवली तर या दोन्ही गोष्टी जमण्यासारख्या होत्या, असं माझं गणित होतं.

माझ्या गणितात हॉल धरलेला नव्हता. त्या हॉलमध्ये बाबांनी उभी हयात सर्व्हिस केली. आधी ट्रे उचलला, मग टेबलं सांभाळली, शेवटी सगळ्या माणसांवर मुख्य झाले. लोकांची लग्नं, लोकांच्या बढत्या, लोकांचे निरोपसमारंभ. किती ग्लास भरले असतील त्यांचं त्यांना माहीत, पण त्या हॉलमधल्या खुर्चीवर बसून स्वतः कधी ग्लास उचलला नाही. त्यांचं स्वतःचं लग्न दोन साक्षीदार आणि चार कप चहात उरकलेलं. आता पहिल्यांदाच ते त्या हॉलमध्ये बसणार होते आणि त्यांनी हाताखाली तयार केलेली माणसं त्यांना वाढणार होती.

तिथल्या पॅन्ट्रीत, म्हणजे जिथे ट्रे भरतात आणि उष्टी भांडी परत येतात त्या मागच्या खोलीत, एक समजूत होती. टोस्ट झाल्यावर ज्याचा ग्लास भरलेलाच परत येतो, त्याच्या मनात त्या जोडप्याबद्दल काहीतरी काळंबेरं असतं. ट्रे आत आला की सगळ्यांची नजर आधी भरलेल्या ग्लासावर जायची आणि कुणीतरी विचारायचं, "कुठल्या खुर्चीचा?" बाबा घरी येऊन ज्या गोष्टी सांगायचे, त्यातल्या निम्म्या असल्या खुर्च्यांच्याच असत. अमक्या लग्नात नवऱ्याच्या मावशीचा ग्लास परत आला आणि वर्षाच्या आत ती दोघं कोर्टात. आई होती तोवर हसायची. "मावशीला ॲसिडिटी असेल हो," म्हणायची. बाबांना ते कधी पटलं नाही.

मी एका दुपारी दोन्ही बाटल्या घरी आणल्या आणि ओट्यावर प्रयोग मांडला. फेसाच्या वाइनमध्ये चमचाभर पावडर टाकली आणि ग्लास उतू गेला. ओटा भिजला, शेगडी भिजली, फेस खाली बसला तेव्हा ग्लासात गुठळ्या तरंगत होत्या आणि बुडबुडा औषधालाही उरला नव्हता. साधी मात्र ढवळून ठेवली आणि छान जमून आली. मी तो ग्लास बाबांसमोर ठेवला. त्यांनी हनुवटी खाली घेऊन एक घोट गिळला. ठसका नाही, काही नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"कशी आहे?"

"खळ आहे," बाबा म्हणाले. "द्राक्षाची खळ."

"पण गेली ना खाली?"

त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि तिरका केला. "हे बघ. हलत नाही."

"कोण बघायला बसलंय?"

"कॅप्टन बघेल." कॅप्टन म्हणजे त्यांच्या जागेवर आता आलेला माणूस, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. "मीच शिकवलंय त्याला, माणसाकडे बघू नको, ग्लासाकडे बघ. तो हॉलच्या दुसऱ्या टोकाहून सांगेल की या ग्लासात काहीतरी वेगळं आहे."

"सांगू दे की. तुम्ही आजारी होतात हे त्याला माहीत आहे."

"आजारी होतो ते माहीत आहे. किती उरलोय ते माहीत नाही."

मला राग आला. माझा राग मुळात लवकर येतो आणि जाताना घुटमळतो. मी म्हटलं, "मग पिऊ नका. सगळ्यांबरोबर उचला, ओठाला लावा आणि ठेवून द्या. कोण तुमच्या घशात डोकावणार आहे?"

"आणि ग्लास भरलेला परत पाठवू? माझ्या लेकीच्या लग्नातून? माझ्या खुर्चीवरून?"

तुमची ती पॅन्ट्रीतली समजूत म्हणजे शुद्ध खुळेपणा आहे, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ओटा पुसायला घेतला.

त्याच आठवड्यात धाकटी आली. बाबा दुपारचे पडले होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी भांडी लावताना बघत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तुझं लग्न टिकलं नाही, म्हणून माझ्या लग्नात सगळं फिकं हवंय का तुला?"

पावडरीचा डबा पिठाच्या डब्यामागे होता. हात लांब केला असता तर काढून तिच्यासमोर ठेवता आला असता. आतल्या खोलीत बाबा खाकरले, म्हणजे जागे होते आणि ऐकत होते. मी मूग गिळून बसले. आमच्या घरात तेवढीच एक वस्तू घट्ट न करता गिळता येत होती. धाकटी रडली, मग नाक पुसून म्हणाली, "कर तुला हवं ते. ठेव साधी." जाताना तिने मला मिठी मारली नाही. मला फार लागलं ते. लहानपणी तिची वेणी मी घालत असे.

पण मी जिंकले होते. साधी वाइन ठरली. बाबांच्या वाट्याची घरी घट्ट करून एका छोट्या बाटलीत न्यायची, ती कॅप्टनच्या हातात द्यायची आणि कानात सांगायचं की वस्तादांच्या ग्लासात ही ओत आणि तोंड बंद ठेव. हॉलमधली सगळी माणसं बाबांना वस्ताद म्हणत. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. मी त्याला होकार समजले.

लग्नाच्या सह्या सकाळी झाल्या आणि दुपारच्या जेवणाला सगळे हॉलमध्ये जमले. मी पर्समधली बाटली चाचपत पॅन्ट्रीत गेले आणि दारातच थांबले. ट्रेंमध्ये उंच, निमुळते ग्लास उभे होते. साध्या वाइनला ते ग्लास लावत नाहीत, इतकं मी बाबांच्या घरात राहून शिकले आहे. बर्फाच्या टबमध्ये जाड बुचांच्या बाटल्या माना वर काढून होत्या.

"हे काय आहे?" मी कॅप्टनला विचारलं.

"ताई, वस्तादांचा फोन आला होता ना. म्हणाले, स्पार्कलिंगच ठेव. मी म्हटलं, ताईंनी साधी सांगितलीय. तर म्हणाले, लग्न ताईचं आहे का?" तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं.

बाबा मुख्य टेबलाशी त्यांच्या खुर्चीवर बसले होते. कोट घातला होता, दाढी मी सकाळी करून दिली होती. समोरच्या रुमालाची घडी त्यांना पसंत नव्हती म्हणून ती उलगडून नव्याने घालत होते. मी शेजारी बसले आणि ओठ न हलवता बोलले.

"माझ्या तोंडाला पानं पुसलीत."

"पुसली," ते म्हणाले.

"का पण?"

त्यांनी घडी पुरी केली. "साध्या वाइनने ठसका लागला की सगळा हॉल वळून बघतो. काय झालं, कोणाला झालं, पाणी आणा. फेसाच्या वाइनने लागला की सगळे हसतात. प्रत्येक टोस्टला एकदोघांना लागतोच. नाकात जाते ना. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी आयुष्यभर बघितलंय."

"म्हणजे ठसका लागणार हे धरूनच चाललाय तुम्ही."

"धरूनच चालावं लागतं. सर्व्हिसमध्ये पहिलं तेच शिकवतात."

मला त्या क्षणी उठून हॉलच्या मधोमध उभं राहावंसं वाटलं. सगळ्यांना सांगावंसं वाटलं की हा माणूस गेलं वर्षभर चमच्याने पाणी खातो आहे आणि तुमच्या बुडबुड्यांपायी मरेल. पलीकडे धाकटी नवऱ्याच्या आईला काहीतरी सांगत हसत होती. तिच्या हसण्याकडे बघून मी बसून राहिले. मग मला एक सुचलं.

"ऐका. तुम्ही फक्त ओठाला लावा. मी माझा ग्लास एका दमात संपवते. सगळे एकमेकांना भेटायला उठतील तेव्हा माझा रिकामा तुमच्यापुढे आणि तुमचा माझ्यापुढे. तुमच्या खुर्चीवरून रिकामाच ग्लास आत जाईल. उरलेला मी पिईन. मला काय, मी दोन पिऊ शकते."

बाबांनी विचार केला. "तुझ्या खुर्चीचा भरलेला दिसायला नको पण."

"सांगितलं ना, पिईन. शब्द द्या."

"दिला," बाबा म्हणाले. आणि मी सुटकेचा श्वास सोडला. इतकी हुशार मी.

बाबांचा ग्लास कॅप्टनने स्वतः भरला. ग्लास तिरका, थोडी ओतली, फेस चढला, तो थांबला, फेस बसला, परत ओतली. बाबा त्याच्या मनगटाकडे बघत होते. "आता पुरे," ते पुटपुटले आणि कॅप्टनने बाटली त्याच क्षणी उचलली. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच समाधान दिसलं. मागच्या भिंतीशी हॉलची सगळी माणसं हात मागे बांधून ओळीने उभी होती. त्यांना कामं होती, तरी उभी होती.

बाबा टेबलावर एक हात टेकून उठले. "मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "मी भाषणं चालू असताना ग्लास भरायचो. आज माझा कुणीतरी भरलाय." लोक हसले. ते धाकटीकडे वळले. "तुम्ही दोघं एकमेकांना धरून राहा. मला बाकी काही मागायचं नाही." आणि त्यांनी ग्लास उंचावला.

सगळा हॉल उठला. मी माझा ग्लास तोंडाला लावला आणि औषधासारखा घशात ओतला. नाक झणझणलं, डोळ्यांत पाणी आलं. रिकामा ग्लास घेऊन मी डावा हात बाबांच्या ग्लासाकडे नेला. तो खाली आलाच नव्हता. बाबा माझ्याकडे बघत होते. रागावून नाही, माफी मागूनही नाही. घरातून निघताना ते दिवा बंद आहे ना म्हणून एकदा वळून बघायचे, तसं शांतपणे बघितलं आणि ते प्यायले. घोटभर नाही. सगळा ग्लास.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आला. आतून, खोलवरून, थांबेचना. चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर उठली. धाकटी ओरडली, "बाबा, सावकाश, पळून जात नाहीये ती," आणि हॉल हसला. अगदी ते म्हणाले होते तसा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या टेबलावर नवऱ्याचा काकाही खोकत होता, त्यालाही सगळे हसत होते.

बाबा खुर्चीत बसले होते आणि टेबलाखाली त्यांनी माझा हात पकडला होता. त्यांची नखं माझ्या तळव्यात रुतली. मला माहीत होतं काय करायचं असतं. पुढे वाकवायचं, जोराने खोकायला लावायचं, डॉक्टरांना बोलवायचं. मी तोंड उघडलं आणि नखं आणखी रुतली. मग मी हसले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. लग्नाच्या व्हिडिओत माझं ते हसू ऐकू येतं.

ठसका थांबल्यावर बाबा धाकटीला म्हणाले, "छान आहे गं." आवाज भिजलेला, घशात पाणी खुळखुळावं असा आला. नवऱ्याच्या आईने डोळ्यांना रुमाल लावला, कारण मुलीच्या बापाला गहिवरून आलंय असं तिला वाटलं. धाकटीही रडायला लागली आणि त्यांच्या गळ्यात पडली. गिळणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, ठसक्यापेक्षा नंतरच्या आवाजाकडे लक्ष द्या, आवाज ओला आला तर समजा छातीत गेलं. मी लक्ष दिलं. मी काही केलं नाही. कॅप्टन आला, त्याने तो रिकामा ग्लास स्वतःच्या हाताने उचलला आणि ट्रेमध्ये ठेवून आत नेला.

धाकटी त्या संध्याकाळी नवऱ्याबरोबर बाहेरगावी फिरायला गेली. बाबा एकदोन दिवस बरे होते, बरे म्हणजे खूशच होते. मला म्हणाले, "शब्द मोडला." मी म्हटलं, "दिसलं मला." ते म्हणाले, "एवढी वर्षं नुसता वास घेतला होता." मी त्यांच्याशी भांडले नाही. वाटलं, सुटलो बहुतेक. मग ताप चढला.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला तर उजवं फुफ्फुस पांढरं दिसत होतं. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते आणि मला समजावत होते. एका ग्लासाने एवढं होतंच असं नाही, घरीही रोज थोडं थोडं जात असणार, कळत नाही. मला धीर द्यायला ते बोलत होते. मला मात्र वाटलं, म्हणजे माझं मापही चुकत होतं. गिळणाऱ्या बाई आल्या, चमच्याच्या टोकावर काहीतरी घेऊन त्यांनी बाबांना गिळायला लावून बघितलं, पुन्हा बघितलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "आता तोंडाने काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"किती दिवस?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चष्मा माझ्याच दुकानातला आहे. "हे आता परत येईल असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "साधी असती, घट्ट केलेली, तर?"

"आता ते विचारू नका," त्या म्हणाल्या.

बाबांच्या नाकातून नळी घातली, तिच्यातून पांढरं जेवण थेंबथेंब पोटात जायला लागलं. उशाशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा लावला, तोंडाने काहीही देऊ नये. ताप उतरला. माणूस वाचला. सगळे मला म्हणाले, वाचले हे काय कमी आहे? मी हो म्हणत राहिले. पण दिवसभर मी त्यांच्या समोर बसायचे आणि ते माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे बघायचे. मग मी दवाखान्यात चहा प्यायचा बंद केला.

धाकटीला मी फोनवर ताप आहे एवढंच सांगितलं होतं. ती बॅगा घेऊन थेट दवाखान्यात आली. खोलीच्या दारातून तिने आत बघितलं आणि दाराची चौकट धरली. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पावडर, गार चहा, ओट्यावरचा प्रयोग, कॅप्टन, ग्लास, माझं हसणं.

शेवटी म्हणाली, "म्हणजे तू साधीवर अडून बसली होतीस ते यासाठी."

"हो."

"आणि मी तुला काय बोलले."

"जाऊ दे ते."

"मला एका शब्दाने सांगायचं होतंस, ताई. एका शब्दाने."

माझ्याकडे उत्तर होतं, त्यांचा हुकूम होता. पण ते उत्तर त्या बाकावर मला फार तोकडं वाटलं, म्हणून दिलं नाही. ती उठून आत गेली. मी मागोमाग गेले.

तिने बाबांचा हात स्वतःच्या गालाला लावला. "बाबा, मला साधी चालली असती हो," ती म्हणाली. "पाणी चाललं असतं. काहीही चाललं असतं मला."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. बोलायला त्यांना आता वेळ लागायचा.

"मला नसती चालली," ते म्हणाले.

धाकटीने पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं आणि ती खांदे हलवत रडत राहिली. बाबांनी तिच्या केसांवर हात ठेवला. मी खिडकीशी उभी होते. मला त्यांचा अभिमानही वाटत होता आणि त्यांना गदागदा हलवून विचारावंसंही वाटत होतं की एका दुपारच्या इभ्रतीपायी हे सगळं का, आणि आमचा विचार कुणी करायचा.

बऱ्याच वेळाने त्यांनी तिच्या केसांवरचा हात हलवला. तिने डोकं वर केलं. ते तिला काहीतरी सांगत होते, हळू, माझ्याकडे न बघता. ती वाकून ऐकत होती. मग तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"ताई, पाणी मागतायत," ती म्हणाली. "म्हणतायत, फक्त एक घोट."

मी नाही म्हणून मान हलवली.

"एक घोट, ताई."

"नाही गं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते तिच्याकडेच बघत राहिले, कारण तिला अजून नाही म्हणायची सवय नव्हती. मी वाटीतल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवला, दाबून पिळला आणि तिच्या हातात दिला. कसा फिरवायचा ते दाखवलं. तिने तो त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी जीभ बाहेर काढून ओठ चाटले आणि तोंड उघडं ठेवलं.